आवक

वसमतला मोंढ्यामागच्या गल्लीत
मन्मथप्पांचं वर्कशॉप.
हळद पॉलिश करायचे ढोल बनतात तिथं,
पाच क्विंटलचे, दहाचे.
मी वरच्या खोलीत बसते.
कीबोर्डच्या फटींत पिवळं भरलेलं असतं,
एंटर दाबलं की बोटाला लागतं.

वेबसाइट होती त्यांची, जुनी.
तळाला संपर्क: नाव, गाव, फोन, निरोप,
आणि पाठवा.
पाठवलेलं सगळं जायचं किसनच्या मेलवर.
किसन तीन वर्षांखाली चाकणला गेला,
मेल भरला, तुंबला, बंद पडला.
आप्पा म्हणायचे,
नेटवरून कुणी इचारतच नाही बघ, बाई.

मोंढ्यात पोतं काट्यावर चढलं की पावती फाटते.
तहसीलला अर्ज दिला तर शिपाई शिक्का मारतो, ठप्प,
आवक क्रमांक, दिनांक.
म्हणलं, एवढंच करू.
मेल जाईल न जाईल,
आधी ओळ उतरली पाहिजे.
तयार प्लगइन होते, महिन्याला पैसे मागणारे,
त्यातल्या एकालाही गाव म्हणजे काय ते कळत नव्हतं.
मग मी माझंच लिहिलं.
दोन रात्री, दोनशे ओळी.
डेटाबेसात एक सारणी, नाव ठेवलं: निरोप.

पहिली उतरली ती चाचणी.
नाव अ. गाव अ. निरोप अ.
पाटीवर पहिल्या दिवशी गिरवल्यासारखे तीन अ.
खोडले नाहीत मी.

फोनला दहा आकडे हवेतच, असा नियम घातला होता.
तिसऱ्या दिवशी लॉगमध्ये दिसलं,
कुणीतरी पाच वेळा बटण दाबलं,
पाच वेळा परत गेलं.
नऊच आकडे.
नियम काढला.
दाराशी आलेल्याला एका आकड्यापायी
माघारी कामून लावायचं?
संध्याकाळी तो सहाव्यांदा आला. उतरला.
नाव नाही, गाव नाही.
निरोप: आहात का?

मग येत गेलं.
कौसल्याबाई टोंपे, कुरुंदा:
दिवाळीपासून ढोल खर्रर्र करतो, माणूस पाठवा.
शेख मुनाफ, गिरगाव:
तुमच्या जुन्या ढोलावर मोर कुणी काढला होता,
त्याचा पत्ता पाहिजे, पोरीच्या लग्नात भिंत रंगवायची.
मधेच कुठल्यातरी परमुलखातून
बिनव्याजी लाखो डॉलर.
तेही उतरले. काट्याला काय, खडेही तोलतो तो.

पाठवल्यावर आधी एक वाक्य यायचं:
धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू.
ते मात्र पुसलं.
मला आलेलं आहे ते,
नांदेडच्या दोन आणि पुण्याच्या अकरा कंपन्यांकडून.
सव्वा वर्ष झालं, लवकरच चालूच आहे.
त्या जागी लिहिलं,
तुमचा निरोप उतरवून घेतला. नोंद क्रमांक अमुक.
खोटं काही नाही त्यात.

आप्पा जिना चढून आले, चष्मा कपाळावर.
एकेक ओळ बोटानं वाचत खाली गेले,
स्क्रीनवर पिवळी रेघ उमटली.
म्हणाले, लई झालं हे.
नाव हाय, गाव हाय, येळ हाय, सेकंदसुद्धा.
उत्तर दिलं का, ते कुठं लिहिलंय?

मी गप्प.
तेवढा रकाना नव्हता.

रात्री जोडला.
काहीच सांगितलं नाही तर काय धरायचं,
असं मशीन विचारतं. मी लिहिलं, नाही.
एक्केचाळीस ओळी. एक्केचाळीस वेळा
नाही, एकाखाली एक.

सकाळी खाली ढोल फिरत होता,
आप्पा फाटकाबाहेर, एका कानात बोट घालून
फोनवर ओरडत होते,
बाई, खर्रर्र का कर्रर्र? नीट सांगा.

आता बरेच हो झालेत.
नऊ आकडेवाल्यापुढं अजून नाहीच आहे.
शेवटचाच राहिला असेल असं धरून
मी शून्य लावून पाहिलं.
मग एक. कुणी झोपेतून उठून चिडलं.
आज दोन लावून बघते.