केसिंग

तिसऱ्या आठवड्यात स्क्रू निघून आला.
तरन्नुमनं तो उर्दू पेपरच्या पुडीत बांधून आणला,
सेलूहून परभणीला, सकाळच्या पॅसेंजरनं,
जणू तिच्याच हातून काही सांडलं होतं.

आठ मिलिमीटर.
तांदळाच्या दाण्याहून जरासाच लांब.

मी स्कॅन पुन्हा उघडला.
राखाडी जबडा, आणि कडेनं
कडक हाडाची पांढरी रेघ.
मोजली. शून्य पूर्णांक आठ.
एक तरी हवी होती.
मला वाटलं होतं, निभेल.

लांबट चेहऱ्यांचं असं असतं:
हनुवटी खाली खाली उतरते,
चावण्याचा जोर बेताचा, आणि हाडही
जेवढं काम पडेल तेवढंच जाड होतं.
रुंद जबड्याच्या पोरांत मनगटाला कळतं,
शेवटचे दोन वेढे हाड नाही म्हणतं.
तरन्नुमच्या हाडानं काहीच म्हटलं नव्हतं.
सोपं गेलं, असं मी समजले.

इलाहीभाई खुर्चीच्या कडेवर टेकलेले,
चपलांवर बोअरचा राखेसारखा भुगा.
"कामून ढिला झाला, म्याडम?"
मी रेघ दाखवली.
ते वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"वर मुरूमच हाय की हा.
मुरमात केसिंग सोडलं का हालतंच.
कडक दगडात टेकवावं लागतं, मग बसतं गच्च.
न्हाईतर पॉइंट बदलायचा.
आमची मशीन सहाशे फूट जाती,
तुमची किती?"

मी आकडा सांगितला.
ते हसले नाहीत.

पॉइंट बदलला.
मागं, दाढेपाशी, गालाकडच्या बाजूला,
तिथं रेघ दीडच्या जवळ होती.
हिरडी बधिर झाली. तरन्नुमनं डोळे मिटले,
ओढणीचं टोक मुठीत.
हातानंच फिरवत गेले, सावकाश,
आणि कुठंतरी मनगट अडलं.

दारातून आवाज आला, "लागला?"
"लागला."

उठल्यावर ती आरशात बघत होती,
दातांकडे नाही, हनुवटीकडे.
"माझा चेहरा गोल असता
तर पहिल्याच खेपेला बसला असता ना?"
"बहुतेक," मी म्हणाले,
आणि मास्कवरूनच माझी हनुवटी चाचपली.
माझाही लांबच आहे.
माझी रेघ कुणी मोजलेली नाही.

जाताना तिनं जुना स्क्रू परत मागितला.
कशाला, ते सांगितलं नाही.
मी पुडी दिली.