तीन नंबर

या गाडीत पाणी नाही.
रेडिएटर नाही, नळी नाही,
उकळून बोंबलायला काहीच नाही.
जे काय आहे ते वारं.
मागच्या झाकणाखाली पंखा, पंख्यावर पत्र्याचा डगला,
त्यात चार सिलिंडर, पाठीला पाठ लावून निजलेले.

रेठरेकर वकिलांनी पुण्याहून नवा सायलेन्सर आणला.
चकचकीत, दोन तोंडांचा.
आवाज असा, की गोडोलीच्या नाक्यावर
चहावाला ओतता ओतता थांबायचा.
पण यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या वळणावर
गाडीचा जीव जायचा
आणि रंग करपल्याचा वास आत यायचा.
वकील म्हणाले, पेट्रोलच भेसळीचं.

बाबालाल उस्ताद गाडीखाली गेले.
मी बाहेर, चौदा वर्षांचा, हातात बॅटरी.
"डोळ्यावर नको, हातावर मार उजेड."
मग बराच वेळ नुसता पान्याचा आवाज.
मग खालून:
"कंपनीनं पत्रे दिले होते इथं.
नवं बसवणाऱ्यानं भंगारात घातले."

दोन बोटं रुंद पत्रे ते,
वाकडे, कशालाच न पेलणारे.
मी असते तर मीही फेकले असते.
पण त्यांचं काम दाराचं:
खालची धग खाली, वरचं वारं वर.
दार गेलं,
आणि सायलेन्सरवर तापलेली हवा
फटीतून चढून पंख्याच्या तोंडी लागली.
इंजिन आपलाच श्वास पुन्हा ओढत होतं,
तोंडावरून गोधडी घेतलेल्या माणसासारखं.

त्यात तीन नंबर.
त्याच्या वाटेत तेलाचा कूलर उभा.
आधी तो गार होणार, मग उरलंसुरलं याला.
"तीन नंबरला जन्मभर उष्टं वारं,"
उस्ताद म्हणाले,
"आणि आता तेही कढत."

हेडपाशी गॅस्केट दुमडून बसली होती.
तिच्या कडेला काजळाची बारीक रेघ,
तिथून ज्वाळा चोरून बाहेर बघायची.

गोडेतेलाचा डबा कापला.
त्याच्यावरचं शेंगांचं चित्र आतल्या बाजूला वळवलं,
वकिलांना दिसू नये म्हणून.
माझा अंगठा चिरला, त्यावर ग्रीस लावलं.
नट आवळताना मी जोर केला तर हात धरला:
"एकदम नाही. थोडं इकडं, थोडं तिकडं.
तापू दे, निवू दे, मग परत."

संध्याकाळी घाटात. तेच वळण.
खाली साताऱ्यात दिवे लागत होते.
उस्तादांनी तेलाची पट्टी उपसली
आणि माझ्यापुढे धरली.
"धर. मोज."
पाचपर्यंत धरवली तर इंजिन ठणठणीत,
दोनला सुटली तर आजारी.
मी चारला सोडली.
"चार!" ते हसले. "सकाळी एक होतं."
सकाळीही मीच धरली होती.

मला वाटायचं, शिकवतायत.

फार उशिरा लक्षात आलं,
चहाचा पेला ते आधी गालाला लावून बघायचे.
कढत सायलेन्सर धरून धरून
त्यांच्या बोटांतलं सगळं निघून गेलं होतं.
सहा वर्षं त्यांनी माझ्या बोटांनी ताप मोजला
आणि सहा वर्षं मला सांगितलं नाही.

आता गॅरेज वाढे फाट्यावर आहे, माझ्या नावाचं.
परवा तशीच एक गाडी आली, पिस्ता रंगाची,
नवा सायलेन्सर, घाटात दम लागतो म्हणून.
मी पट्टी उपसली, धरली, मोजलं.
अकरा.
मालक खूश.
मी पुन्हा मोजलं. अकरा.
मग आयटीआयच्या पोरीला हाक मारली,
समिधा, जरा ये, हे धर.

तिनं "एक" पुरता म्हटलाही नाही.