जांभळं पाणी

गाडी आधी सावलीत घे, बाबल.
फणसाखाली नको, चीक गळतो.
पत्र्याच्या शेडात लाव आणि बॉनेटवर उलटा हात ठेवून बघ.
चटका बसला तर थांबायचं.
तापल्या अंगावर औषध वाळतं, डाग सोडतं.

पेडणेकरांची गाडी. पांढरी. रेडीहून आलेली.
सव्वीस वर्षं बंदराच्या वजनकाट्यावर
लाल मातीचे ट्रक मोजले,
फंडाच्या पैशातून ही घेतली,
वर काचेसारखं कोटिंग.
"पाणी थारूचा नाय म्हणान सांगितल्यानी.
आता बघ, खरखर लागता."

प्लास्टिकची पिशवी हातात घालून
मी दारावरून बोटं फिरवली.
रवा.
कोटिंग गेलेलं नाही हो,
खाली आहे, झाकलंय नुसतं.

आधी पाणी. भरपूर.
खारं जातं, जांभ्याची धूळ जाते.
कावळ्याने केलेलं भिजू द्यायचं,
नख लावायचं नाही.
मग फेस, मग दोन बादल्या,
एक साबणाची, एक मोज्याची पापं धुवायची.
मोजा खाली पडला?
तो आज संपला, बाबल. दुसरा घे.

उरतं ते लोखंड.
औषध फवारलं आणि मिनिटभर कोणी बोललं नाही.
डिकीकडून सुरुवात झाली.
एकेक ठिपका जांभळा होऊन ओघळला,
करवंदं चिरडल्यासारखा, पांढऱ्या पत्र्यावरून.
पेडणेकर खुर्चीतून उठले.
"येवढा?"
खोकले. मग हळूच,
"माणसार चलता काय रे ह्या?"

बाबल हसला.
मी नळ सोडला.

शेवटी मातीची वडी, मऊ जातीची,
निसरड्या पाण्यावरून, सरळ रेषेत, जिथे अजून अडकतं तिथेच.
वडीचं जेवढं वजन तेवढंच, वर हाताचं घालायचं नाही.
वजनाचं त्यांना कळतं. मान हलवली.

टॉर्च मारला तेव्हा दिसलं,
बॉनेटभर वर्तुळं,
रापणीच्या जाळ्याहून बारीक.
"रोज कोण पुसतं?"
"मीच. सकाळी उठान. सुक्या फडक्यान."
शाबासकीच्या तयारीत उभे होते.

घासून काढता येतील,
पण मग कोटिंगही जाईल.
राहू देत, म्हटलं.
आणि उद्यापासून पुसू नका.

शेवटचं पाणी मारलं.
थेंब गोल झाले, पळाले,
एकही थारला नाही.
पेडणेकरांनी बोट पुढे नेलं,
बॉनेटपासून वीतभर अंतरावर थांबवलं
आणि हात खिशात घातला.