दोनशे, सर्व क्षेम

आर्ब्रोथच्या बंदर कचेरीत सकाळी साडेसहाला
भरती-ओहोटीचा तक्ता उघडेना.
पान आलं, पानावर एकच ओळ:
इथे थेट येता येणार नाही.

काल रात्री मीच बांधलं होतं सगळं नव्यानं.
पर्यायांची ही लांबच लांब यादी, त्यातला एक
नावावरून शहाणा वाटला, म्हणून लावला.
गॅसवर दूध ठेवून बाहेर पडावं
तशी कम्पाइलर चालू ठेवून घरी गेले.

फोनवर डुगल्ड कारगिल, खेकडेवाला,
निम्मं बोलणं वाऱ्यात.
पूर्ण ओहोटी किती वाजता?
मी खिडकीतून वाकून पाहिलं.
धक्क्याच्या सात पायऱ्या दिसतायत, म्हटलं, हिरव्या.
ते मलाही दिसतंय, बाई, म्हणाला.

तर झालं होतं असं:
आमचा सर्व्हर लहान, सरळमार्गी.
स्क्रिप्टच्या दाराशी जातो, कडी वाजवतो,
नाव सांगतो, गाव सांगतो, काय विचारायचंय ते सांगतो.
अकरा वर्षं दार उघडत होतं.
आज आतून आवाज:
तुला पाठवलं कोणी?

मोठे सर्व्हर वळसा घालून येतात,
हातावर कुणाचा तरी शिक्का घेऊन.
याच्या हातावर काहीच नाही.
मग तो चोर.

पर्यायाचंही चुकलं म्हणवत नाही.
कधीतरी कुणी असाच थेट आत शिरून
नको ते कपाट उघडलं असणार.
त्यानंतरचं हे कुलूप.

इचलकरंजीत आमच्या अप्पांनी
नळाच्या अर्जाला कुणाची चिठ्ठी जोडली नाही.
वशिल्याचं पाणी घशाखाली उतरत नाही, म्हणायचे.
नळ आला चार वर्षांनी,
तोवर आम्ही ते घर सोडलं होतं.
आई हे अजून हसत सांगते.
पूर्ण हसत नाही.

पुन्हा बांधायचं तर पाऊण तास,
आणि डुगल्डचा फोन कानाला तसाच.
मी मध्ये तीन ओळींची फाइल ठेवली.
ती सर्व्हरच्या हातात एक आकडा देते, दोनशे,
म्हणजे सर्व क्षेम, मोठ्यांकडून आलोय,
आणि त्याला पुढे ढकलते.

दार उघडलं.
नऊ बेचाळीस, शून्य पूर्णांक नऊ मीटर.
सांगायला फोन उचलला तर नुसताच वारा.
खिडकीतून दिसलं, निळी होडी
धक्क्याच्या तोंडातून बाहेर पडत होती,
कुणाला न विचारता.

आज रात्री तो पर्याय काढून पुन्हा बांधणार आहे,
असं नोंदवहीत लिहिलंय. खाली तारीख आहे,
मार्चमधली.
चिठ्ठी अजून चालते.
सही कुणाची, आतून कुणी विचारलेलं नाही.