इतिवृत्तात न घेतलेलं

सभा सहाला सुरू झाली, वाचनालयाच्या मागच्या खोलीत.
हजर नऊ, आणि पंखा.
विषय एकच : हायवेवरच्या पाटीवर काय लिहायचं,
म्हणजे अटलांटाची माणसं ब्रेक दाबतील.

सल्लागाराचं नाव ब्रेट. बूट इतके स्वच्छ
की आमच्यातल्या दोघांनी आपले पाय खुर्चीखाली ओढले.
त्याने पडद्यावर तळं दाखवलं, आमचंच,
पण निळं.
आमचं बर्फ घातलेल्या चहाच्या रंगाचं आहे.

"तुमच्या गावाचं वेगळेपण काय?"
त्याने मार्करचं टोपण काढलं आणि वाट पाहिली.
वांडा म्हणाली, मॅग्नोलिया.
ते सगळ्यांकडे आहेत, तो म्हणाला.
पाद्री म्हणाले, माणसं प्रेमळ आहेत.
तेही सगळेच लिहितात.
मग बराच वेळ एकटा पंखा बोलत होता.

मी इतिवृत्त लिहिते, एकवीस वर्षं झाली.
ठराव, सूचक, अनुमोदक. बाकीचं लिहायचं नसतं.
म्हणून हे लिहिलं नाही, की

बँकेवरचा तापमानाचा आकडा सात अंश जास्त दाखवतो,
आणि आम्ही मनातल्या मनात सात वजा करतो.
दुरुस्तीला माणूस आला होता एकदा;
त्याला जेवायला घातलं आणि परत पाठवलं.

की घाटावरच्या कोल्ड्रिंकच्या जुन्या मशीनमधून गांडुळं मिळतात,
दीड डॉलरला डबा.
पाटी आहे तशी. परगावची पोरं पाट्या वाचत नाहीत.

की उकडलेल्या शेंगा विकणारा लमार सुट्टे देत नाही,
सुट्ट्यांच्या जागी शेंगाच देतो,
आणि पिशवीचा तळ भिजून सीटवर जो डाग पडतो
त्यावरून जुनी गाडी कुठली ते घेणाऱ्याला कळतं.

की समोरच्या गाडीसाठी स्टीअरिंगवरून एक बोट उचलायचं.
नात्यातला असेल तर दोन.
अख्खा हात वर दिसला, तर समजावं,
कोणीतरी गेलं.

मागच्या रांगेत मिस अर्लीन टॉलिव्हर, पर्स मांडीवर.
धरण झालं तेव्हा नऊ वर्षांची होती.
गोऱ्यांचं कब्रस्तान टेकडीवर आणलं,
एकेक दगड, नंबर घालून.
तुमचंही आणू, तिच्या वडिलांना म्हणाले.
म्हणाले ते म्हणालेच.

ती ब्रेटला म्हणाली, आवाज जराही न चढवता,
"परवा डॉयलने माझ्या स्वयंपाकघरात मासा धरला."

ब्रेट हसला. आम्ही नाही.

डॉयल थिग्पेन होडी तिथंच थांबवतो, बुडालेल्या रस्त्याच्या वळणावर,
सतरा फूट पाणी.
चूल होती तिथे कॅटफिश बसतात.
त्याच्या यंत्राच्या पडद्यावर धुराडं दिसतं, करड्या ठिपक्यांचं.
आणि दर शनिवारी एक मासा, साफ केलेला,
वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या पोर्चवर ठेवतो,
बेल न वाजवता.

भाडं, ती म्हणते.
तो काहीच म्हणत नाही.
जमिनी मोजल्या तेव्हा साखळीचं दुसरं टोक
त्याच्या बापाच्या हातात होतं,
हे तर कोणीच म्हणत नाही.

ब्रेटने फळ्यावर लिहिलं : मासेमारी.
खाली रेघ ओढली. दोनदा.

मी लिहिलं : चर्चा झाली. निर्णय पुढच्या सभेत.
सूचक वांडा.
मिस अर्लीनने पर्स मिटली, टक्.
तेच मी अनुमोदन धरलं.

बाहेर पाण्यावरून चिलटं आली, मासळीचा वास,
कोणाच्या तरी अंगणात उशिरा चाललेलं गवत कापायचं मशीन.
ब्रेट कपाळ पुसत बँकेकडे बघत राहिला.
"एक्याण्णव! रात्री साडेआठला!"

आम्ही नऊही जणांनी वर पाहिलं
आणि गुपचूप सात वजा केले.

"हो ना," वांडा म्हणाली, "फार उकाडा आहे."