खरं

उद्यमबाग, रात्रपाळी. लॅडलमध्ये रस.
मी पायरोमीटर रोखते : तेराशे ऐंशी.
मोनाप्पा कपाळावर हात धरून बघतो,
"आकडा बरोबर हाय, खरं अजून वेळ हाय."

पुण्याच्या ऑडिटरनं तेवढंच टिपून घेतलं : खरं.
त्याला कोण सांगणार,
इकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’.

मंगळवारी यंत्राचं ऐकलं, ब्रॅकेट तडकलं.
शुक्रवारी मोनाप्पाचं. तेही तडकलं.
वाळू ओली होती, म्हणाले सगळे,
दोघांनाही वाचवत.

यंत्राला बेंगळूरचा दाखला आहे,
त्या दाखल्यामागं आणखी एक दाखला,
त्याच्यामागं अजून एक,
आणि पार शेवटी, कधीकाळी,
भट्टीपुढं उभं कुणीतरी
डोळे बारीक करून.

दिवाळीनंतर मोनाप्पाच्या उजव्या डोळ्याचा
मोतीबिंदू काढला.
आता तो एक डोळा झाकतो, मग दुसरा.
"डाव्यानं पिवळं दिसालंय, उजव्यानं पांढरं.
तीस वर्षं मी काय बघालतो गं?"

माझ्याकडं याचा आकडा नाही.
रसावर साय धरू लागली आहे,
साचे वाट बघतायत,
थांबलो तर सगळंच वाया.

"ओत," तो म्हणतो,
"खरं..."