दुसरा बार

बाबल धुरीने बंदूक टेबलावर ठेवली,
नळी भिंतीकडे, घोड्याखालची पेटी माझ्याकडे,
वर परवाना, परवान्यावर तळहात.
"पयलो बार जाता, मेस्त्री.
दुसऱ्याक चाप परत येना नाय."
एवढंच बोलून बाहेर बाकावर जाऊन बसला
सुक्या बांगड्यांची पिशवी पायांत धरून.

पाच काडतुसांची बंदूक.
एक उडालं की पुढचं आपसूक चढतं,
माणसाने फक्त बोट सैल करायचं
आणि चापाने म्हणायचं, टक्.
त्या टक्-वर सगळा कारभार.

मी पितळेची नकली काडतुसं भरली.
चाप ओढला, धरून ठेवला,
खिट्टी मागे खेचून सोडली, बोट सैल केलं.
टक्.
पुन्हा. टक्. वीस वेळा टक्.
दुपारचे दोन, पत्र्याखाली दुकान भाजत होतं,
आणि बंदूक शाळेतल्या हुशार पोरीसारखी
विचारलं ते सांगत होती.

दोन खिळे ढकलून पेटी बाहेर काढली.
स्प्रिंग: ताठ.
घोड्याची खाच: धार शाबूत.
मधली पट्टी, जी पहिल्या बाराला हात सोडते
आणि दुसऱ्यासाठी पुन्हा धरते:
ना वाकडी, ना झिजलेली.
माझे बाबा म्हणायचे, दोष सापडला नाही
तर दोष लाजतोय असं समज,
त्याच्या वेळेला भेट.
"कधी अडकते?" मी बाहेर डोकावून विचारलं.
"पाटेक. कुळथात डुकरां येतत तेव्हा."

नोंदवहीत लिहिलं, बंदूक रात्री मुक्कामी,
कपाटाला दोन कुलपं लावली.
पहाटे पाचला दुकान उघडलं.
पौषातली थंडी, नदीवरून धुकं बाजारात शिरलेलं,
लोखंड हाताला चावत होतं.
चाप ओढला. खिट्टी. बोट सैल.

काही नाही.

चाप मागेच, झोपेत वळलेल्या माणसासारखा.
पेटी नाकाशी नेली
आणि एकदम शेजारच्या बाईच्या वेणीचा वास आला.
बॅटरी मारली: पट्टीच्या कुशीत
पांढरं, मऊ, थिजलेलं
खोबरेल.

नऊला बाबल आला. सगळं सांगितलं.
निवडणुकीत ठाण्यात जमा केली होती,
तांबेरा घेऊन परत आली,
मग त्याच्या शेवंतीने घाण्यावरचं ताजं तेल
कापसाने, काडीने, सांध्यासांध्यात घातलं,
तान्ह्या पोराला घालतात तसं.
उन्हात पातळ, पहाटे मेण.
तिची काय चूक? आमच्याकडे
केसांना तेच, कडीला तेच, भाजल्यावर तेच.

तो हसेल असं वाटलं होतं.
तो उजव्या हाताच्या बोटाकडे बघत राहिला.
"मगे माझा बोट बरा आसा?"
मला कळलं नाही.
"बापाशीचो हात असोच गेल्लो.
पयला बोट, मगे आख्खो पंजो.
दोन म्हयने कोणाक बोललंय नाय.
डुकरां समोर, नि माका वाटता,
मीच सोडूक नाय, मीच धरून बसलंय."

मी रॉकेलमध्ये पेटी बुडवली.
ब्रशाने एकेक खाच मोकळी केली, पुसली,
शिलाई मशीनचं तेल, तीन थेंब, चौथा नाही.
उरलेली बाटली त्याला दिली:
शेवंतीला म्हणावं, मायेने घाल, पण हे घाल.
मग त्याच्याच हातात बंदूक दिली, नकली काडतुसांची.
टक्.
त्याने डोळे मिटले. पुन्हा. टक्.

पैसे मोजून दिले, बरोबर दिले.
जायच्या आधी नोंदवहीत सही हवी असते.
रकाना दाखवला, पेन दिलं.
ते कागदाला टेकलं,
उचललं गेलं,
पुन्हा टेकलं.

मी स्टुलाखाली पडलेला खिळा शोधू लागलो.
तिथे खिळा नव्हता.